फ्रिज असलेला कास्तकार

भारतातल्या बाजाराला एखादं घर ओळखायचं असलं की तो फार चौकशी करत बसत नाही. दोनच गोष्टी विचारतो. घरखर्चाला सर्वांत जास्त हातभार लावणारा माणूस किती शिकला आहे, आणि एका ठरावीक यादीतल्या अकरा वस्तूंपैकी किती वस्तू त्या घरात आहेत. वीजजोडणी, छताचा पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, चारचाकी, एसी. या झाल्या दहा. अकरावी वस्तू आहे शेतजमीन.

या पद्धतीचं नाव 'न्यू कंझ्युमर क्लासिफिकेशन सिस्टिम'. २०११ साली बाजार-संशोधन करणाऱ्यांच्या आणि माध्यमांचा वाचक-प्रेक्षक मोजणाऱ्यांच्या संघटनांनी मिळून ती आणली. त्याआधी शहरी घरं व्यवसाय आणि शिक्षणावरून ओळखली जायची, तर खेड्यातली घरं कुटुंबप्रमुखाचं शिक्षण आणि भिंती पक्क्या की कच्च्या यावरून. नव्या पद्धतीने शहर आणि खेडं एकाच तक्त्यात आणलं. वस्तू मोजायच्या, शिक्षण बघायचं, आणि दोन्ही रेषा जिथे मिळतील तिथे त्या घराची प्रत लिहायची. 'ए-वन'पासून 'ई-थ्री'पर्यंत एकूण बारा प्रती. कुठली जाहिरात कोणापर्यंत पोचवायची, कुठली मालिका 'आपल्या' ग्राहकाची, हे बरीच वर्षं याच बारा खणांवरून ठरत आलं.

मी यवतमाळ जिल्ह्यात बसून ही यादी वाचतो आणि अकराव्या ओळीवर अडतो. फ्रिज असलेलं घर खर्च करू शकतं, हे समजण्यासारखं आहे. पण शेतजमीन? आमच्याकडे शेतजमीन असणं हेच खर्च न करता येण्याचं कारण असू शकतं. कोरडवाहू पाच एकर, त्यात पऱ्हाटी आणि सोयाबीन, सातबाऱ्यावर बँकेचा नाही तर सोसायटीचा बोजा. बाजाराच्या तक्त्यात हे वावर त्या घराला एक गुण मिळवून देतं. संकटग्रस्त शेतकऱ्यांच्या सरकारी यादीत शिरायलाही हेच वावर लागतं. एकाच जमिनीच्या या दोन नोंदी, आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत.

सर्वेक्षणं आणि ग्राहक-संशोधन वाचून माणसांच्या सवयी कळतात का, या प्रश्नावर आपल्याकडे लगेच दोन गट पडतात. एक गट आकड्यांना शेवटचा शब्द मानतो, दुसरा आकड्यांत माणूस हरवतो म्हणून हळहळतो. मला हा आधी वाचनाचा प्रश्न वाटतो. कादंबरी वाचताना आपण विचारतो की कोण सांगतंय, कोणाला सांगतंय आणि काय गाळलंय. तक्ता वाचतानाही तेच विचारायचं असतं. आपण मात्र कादंबरीची समीक्षा करतो आणि तक्त्याची नुसती बातमी करतो.

आधी मोटार, मग बाथटब

खरेदीवरून माणसाच्या सवयी ओळखायचा हा प्रकार अमेरिकेत वाढला. म्हणून आधी तिकडचं एक पुस्तक. रॉबर्ट आणि हेलन लिंड हे जोडपं १९२४-२५मध्ये इंडियाना राज्यातल्या मन्सी नावाच्या गावात जाऊन राहिलं. लोक पोट कसं भरतात, घर कसं चालवतात, मुलं कशी वाढवतात, रिकामा वेळ कसा घालवतात, देवळात किती जातात, गावाच्या कामात किती पडतात, हे सगळं त्यांनी नोंदलं. १९२९मध्ये त्याचं 'मिडलटाउन' हे पुस्तक झालं.

त्यातली एक नोंद प्रसिद्ध आहे. पडक्या, कळकट घरांत राहणारी पण दारात मोटार असलेली २६ कुटुंबं लिंड यांनी तपासली. त्यांतल्या २१ घरांत बाथटब नव्हता. नुसता हा आकडा वाचला तर लगेच निकाल लागतो: बघा, अंघोळीची सोय नाही आणि मोटार उडवतात. पण लिंड तिथे थांबले नाहीत. त्यांनी घरातल्या बायकांशी बोलून घेतलं. नऊ मुलांच्या एका आईने सांगितलं की एक वेळ कपड्यांवाचून भागवू, पण गाडी सोडणार नाही. अख्खं कुटुंब एकत्र कुठे जाऊ शकतं ते त्या गाडीमुळेच, हे कारण तिच्या बोलण्यातून कळतं. म्हणजे आकड्याने उधळपट्टी दाखवली आणि बोलण्याने हिशेब दाखवला. दोन्ही एकाच पानावर होते म्हणून ते पुस्तक टिकलं.

त्याच पुस्तकात एक मोठं भगदाडही आहे. मन्सीमध्ये कृष्णवर्णीय वस्ती होती. लिंड यांनी ती आपल्या अभ्यासातून जाणूनबुजून वगळली. आणि हे वगळलेलं गावच पुढे 'नमुनेदार अमेरिका' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. सेरा आयगो या इतिहासकार बाईंनी २००७मध्ये 'द ॲव्हरेज्ड अमेरिकन' या पुस्तकात हा सगळा प्रवास मांडला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की सर्वेक्षणांनी 'सरासरी अमेरिकन' शोधला नाही, बऱ्याच अंशी घडवला. लोक ते आकडे वाचू लागले आणि स्वतःला त्यांच्याशी ताडून बघू लागले.

म्हणजे अमेरिकन सवयींचं जे चित्र जाहिरातींतून आणि सिनेमांतून आपल्यापर्यंत आलं, त्याच्या मुळाशी काही घरं मोजलेली आहेत आणि काही मोजायची राहून गेलेली नाहीत, ठरवून बाहेर ठेवलेली आहेत. हे ध्यानात ठेवून आपल्या तक्त्यांकडे येऊ.

पुण्यातला हिशेब

महाराष्ट्राला हा विषय नवा नाही. १९७१मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीची, म्हणजे लोक कशावर किती खर्च करतात याची आकडेवारी वापरली. दिवसाला २,२५० कॅलरी मिळतील इतकं अन्न ज्या खर्चाच्या पातळीवरचे लोक खरेदी करतात, ती रेषा त्यांनी धरली. १९६०-६१च्या किमतींना खेड्यात ती माणशी महिना १५ रुपये आली, शहरात साडेबावीस.

त्या रेषेवर तेव्हाही वाद झाला आणि पुढची कित्येक वर्षं होत राहिला. मला त्यातली एक साधी गोष्ट महत्त्वाची वाटते. कंपनीचा माणूस खर्चाची पाहणी हातात घेतो तेव्हा कोण खरेदी करू शकेल हे शोधतो. दांडेकर-रथ यांनी त्याच जातीच्या पाहणीतून कोण खरेदी करू शकत नाही हे शोधलं. पाहणी तीच, वाचणारा वेगळा. आकडे स्वतःहून बोलतात असं म्हणतात, ते खरं नाही. ते विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात.

जूनमधली खरेदी

आता अलीकडची घरगुती खर्चाची पाहणी घ्या. ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात देशभरातल्या २ लाख ६१ हजारांहून जास्त घरांत जाऊन ती झाली. याच्या आधीची, २०१७-१८ची पाहणी सरकारने 'माहितीचा दर्जा ठीक नाही' असं सांगून प्रसिद्धच केली नव्हती. त्यामुळे हे आकडे एका दशकानंतर आले. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात माणशी महिना खर्च ४,०१० रुपये, शहरी भागात ६,६५७. देशभराचं पाहिलं तर खेड्यातल्या खर्चात खाण्यापिण्याचा वाटा ४६ टक्क्यांवर आला. १९९९-२०००मध्ये तो ५९ टक्क्यांच्या पुढे होता. आणि खाण्यातल्या खर्चात सर्वांत मोठा गट होता पेयं, तयार खाणं आणि पाकीटबंद पदार्थांचा, साडेनऊ टक्क्यांच्या वर.

या शेवटच्या आकड्यावरून बरंच लिहिलं-बोललं गेलं. खेडं बदललं, चवी बदलल्या, गावातला माणूसही आता पाकीट फोडून खातो. यात खरं काहीच नाही असं नाही. पण त्या गटात कायकाय मोजतात ते बघा. बाहेर घेतलेला चहाचा कप त्यात आहे. बिस्किटाचा पुडा त्यात आहे. खाणावळीतलं जेवणही त्यात आहे. कापूस वेचायला सकाळी गाडीत बसून परगावी जाणारी बाई वाटेत चहा घेते, लेकराच्या हातात पुडा देते. ती चवीसाठी खाते की चूल पेटवायला वेळ नाही म्हणून, हे त्या रकान्यात लिहिता येत नाही. रकान्याचं नाव 'सवय' असं वाचलं की ती बाई शौकीन ग्राहक होते. 'वेळ' असं वाचलं की मजूर होते.

याहून मोठी गोष्ट पाहणीत जे नाही त्यात आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकरी घराची वर्षातली सर्वांत मोठी खरेदी कोणती, असं विचारलं तर दिवाळी हे उत्तर चुकीचं आहे. ती खरेदी जूनमध्ये होते, आणि कृषी केंद्रात होते. बियाण्याची पाकिटं, खताची पोती, पुढे फवारणीची औषधं. ब्रँड असतात, जाहिराती असतात, गावात कंपनीचे माणसं येऊन बैठका घेतात, भिंती रंगवल्या जातात, शेजाऱ्याने कोणतं वाण लावलं त्यावरून आपलं ठरतं. ग्राहक-संशोधनाच्या पुस्तकात ग्राहक म्हणून जे जे वर्णन असतं ते सगळं इथे आहे. पण घरगुती खर्चाच्या पाहणीत ही खरेदी येत नाही, कारण तो उपभोग नाही, उत्पादनाचा खर्च आहे. कर्जावरचं व्याजही त्यात येत नाही, तेही उपभोग नव्हे.

नियम म्हणून हे बरोबरच आहे. अर्थशास्त्रात शेत आणि घर वेगळं धरावं लागतं. पण घरात तसं वेगळं काही नसतं. कृषी केंद्राची उधारी आणि किराण्याची उधारी एकाच चुकाऱ्यातून फिटायची असते. कापूस खेडा खरेदीत स्वस्तात द्यायचा की भाव वाढायची वाट पाहायची, हे बाजारभावाइतकंच घरात कोणाची फी भरायची आहे यावरही ठरतं. ज्या घरात 'महिना' हा पैशाचा हिशेब नाहीच, जिथे पैसा एकदा-दोनदा येतो आणि बाराही महिने जातो, त्या घराचा 'मासिक खर्च' काढताना आपण एक पूर्ण गोष्ट सरळ रेषेत ओढतो. रेषा चूक नसते. गोष्ट मात्र त्यात राहत नाही.

८७ आणि २८

यवतमाळची गोष्ट आकड्यांत सर्वांत जास्त वेळा सांगितली गेली ती शेतकरी आत्महत्यांच्या संदर्भात. २००५मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेचा अहवाल आला, २००६च्या सुरुवातीला मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेचा. त्याच वर्षी पंतप्रधान विदर्भात आले, पॅकेज जाहीर झालं, आणि राज्य सरकारने सहा जिल्ह्यांतल्या सतरा लाखांहून जास्त शेतकरी कुटुंबांची घरोघर पाहणी केली. कर्ज किती, लग्नाच्या मुली किती, घरात आजारपण आहे का, असले प्रश्न त्यात होते.

यांतला विकास संशोधन संस्थेचा अहवाल श्रीजित मिश्रा यांचा. मला तो समीक्षकासारखा वाचावासा वाटतो, कारण त्याची रचनाच विचारपूर्वक आहे. त्यांनी वर्धा, वाशिम आणि यवतमाळ जिल्ह्यांतली आत्महत्या झालेली १११ कुटुंबं घेतली. आणि त्यांच्या सोबत, तशाच परिस्थितीतली पण आत्महत्या न झालेली १०६ कुटुंबं घेतली. या दुसऱ्या गटामुळे अहवालाचा प्रश्न बदलतो. 'मेलेला माणूस कसा होता' इतकंच न विचारता 'जगलेल्या आणि गेलेल्या माणसांच्या परिस्थितीत फरक काय' असं तो विचारतो.

अहवालात जोखमीच्या घटकांची यादी आहे. कर्जबाजारीपण शंभरातल्या सुमारे ८७ घरांत. आर्थिक स्थिती खालावलेली ७४ घरांत. घरातले तंटे ५५. नापिकी ४१. समाजातली पत घसरणं ३६. मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाचा भार ३४. जवळच्या गावात आधी झालेली आत्महत्या ३२. व्यसन २८. यादी पुढेही जाते.

या आकड्यांची बेरीज शंभराच्या कितीतरी पुढे जाते. म्हणजे एका घरात एकच कारण नव्हतं, चार-पाच गोष्टी एकावर एक साचलेल्या होत्या. यादीचा खरा अर्थ या बेरजेत आहे. पण पारावरच्या चर्चेत, टीव्हीवर आणि आता व्हॉट्सॲपवर या यादीतली एखादीच ओळ उचलली जाते, आणि ती बहुतेक वेळा सवयीची असते. दारू पितात. लग्नात उधळतात. हप्त्यावर गाड्या घेतात. ८७चा आकडा सगळ्यांना ठाऊक असतो, पण निकाल २८वर लागतो. कारण कर्जाला दुसरी बाजू असते, देणारा असतो, भाव असतो, धोरण असतं. सवय एकट्याची असते. तिला दोष देणं सोपं जातं.

आता पुन्हा त्या अकरा वस्तूंकडे या. तक्ता फ्रिज आहे का विचारतो. तो कुठून आला हे विचारत नाही. आपल्या गावांत कित्येक घरांतला फ्रिज, कपाट, कधी दुचाकीसुद्धा, सुनेसोबत आलेली असते, आंदण म्हणून. सासरच्या घरात त्या फ्रिजने एक वस्तू वाढवली, घर कदाचित एक प्रत वर चढलं. माहेरच्या घरात त्याच फ्रिजने उधारीच्या वहीत एक ओळ वाढवली. एका अहवालात तो 'वाढती ग्रामीण मागणी' आहे. दुसऱ्यात तो 'मुलीच्या लग्नाचा भार' आहे. फ्रिज एकच आहे. दोन्ही अहवाल खरे आहेत. ते शेजारी ठेवून वाचले नाहीत तर मात्र दोन्ही खोटं सांगतात.

पात्र, अपात्र

तक्ता वाचायला चुकला तर काय बिघडतं, असं कोणाला वाटेल. इथे बिघडतं. २३ जानेवारी २००६च्या शासन निर्णयाने आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली, तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेव म्हणून. त्यासाठी निकष आले. शेतीची कागदपत्रं, कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं असणं, नापिकीमुळे ते फेडता न येणं, वसुलीचा तगादा. निकषात बसलं तर प्रकरण 'पात्र', नाही तर 'अपात्र'. आमच्या जिल्ह्यात हे दोन शब्द समीक्षेतल्या 'पात्रां'पेक्षा फार वेगळ्या अर्थाने बोलले जातात.

पैसा सरकारचा आहे, निकष लागणारच. पण या निकषांनी शेतकऱ्याचं एक व्यक्तिचित्र लिहिलं. त्या चित्रात तोंडी बोलीवर मक्त्याने वावर कसणारा नाही, कारण कागद नाही. नातेवाइकाकडून पैसे घेतलेला नाही, कारण पावती नाही. आयुष्यभर निंदण-वेचणी केलेली पण सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई शेतकरी म्हणून त्यात फार अवघडून बसते. जूनमधल्या खरेदीची उधारीही तिथे कर्ज म्हणून सहज टिकत नाही. कृषी केंद्राच्या वहीला बँकेच्या पासबुकाची किंमत नाही.

मन्सीत जसं ठरवून काही लोकांना चित्राबाहेर ठेवलं, तसं इथे कोणी ठरवून केलं असेल असं मी म्हणत नाही. रकाने आखले की काही माणसं आपोआप रेषेबाहेर जातात. पण परिणाम सारखाच होतो. आत राहिलेल्यांना आपण 'नमुनेदार' म्हणू लागतो.

आपल्या कथेतही रकाने असतात

साहित्याच्या वेबझीनमध्ये हे लिहितो आहे, तेव्हा शेवटी साहित्याचाही तक्ता तपासायला हवा. सर्वेक्षणात माणूस नसतो आणि कथेत असतो, असं म्हणून आपण सुटू शकत नाही.

जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. नयनतारा सहगल यांचं निमंत्रण मागे घेतल्यावरून वादळ उठलं, आणि उद्घाटन वैशाली येडे यांच्या हस्ते झालं. त्या याच जिल्ह्यातल्या, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर चालवणाऱ्या. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तेरवं' या नाटकात त्यांनी काम केलं होतं. ज्यांच्याबद्दल अहवाल लिहिले जातात त्या बायकाच या नाटकात रंगमंचावर उभ्या राहतात. अहवालातला रकाना 'मृताची पत्नी' इथे बोलायला लागतो, आणि नवरा गेल्यावर काय झालं हे सांगू लागतो. अहवाल बहुधा त्या दिवशी संपतो. नाटक तिथून सुरू होतं.

पण अशी उदाहरणं कमी आहेत. कविता-कथांत, गॅदरिंगच्या एकांकिकांत आणि सोशल मीडियावरच्या पोस्टींत जो शेतकरी दिसतो त्याचा एक ठरलेला संच आहे. कोरडं आभाळ, भेगाळलेली भुई, बैल, सावकार, झाड. या शेतकऱ्याकडे मोबाईल नसतो. तो रिचार्ज मारत नाही. त्याच्या घरात फ्रिज नसतो, बिस्किटाचा पुडा नसतो, मुलाला शहरात कोचिंगला पाठवायचा हट्ट नसतो. खर्चाच्या पाहणीत शेकडो वस्तूंची विचारणा होते. आपल्या सहानुभूतीच्या यादीत जेमतेम पाच-सहा वस्तू असतात. या बाबतीत सरकारी प्रश्नावली आपल्या कवितेपेक्षा जास्त वास्तववादी आहे, हे मान्य करायला हरकत नसावी.

अपवाद आहेत. सदानंद देशमुख यांची 'बारोमास' ही कादंबरी २००२मध्ये आली, २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. ती बुलढाण्याकडची, पण आमच्याकडची वाटावी इतकी ओळखीची. तिच्यात शिकून नोकरी न लागलेला शेतकऱ्याचा मुलगा आहे, आणि वेगळ्या आयुष्याची अपेक्षा घेऊन त्या घरात आलेली त्याची बायको आहे. नापिकी जितकी खरी तितकीच तिची अपेक्षाही खरी. तिच्या अपेक्षेला कादंबरी चंगळ म्हणून निकालात काढत नाही. काही हवंसं वाटणं आणि देणं असणं एकाच घरात एकाच वेळी नांदतं, हे ती दाखवते.

आपल्याला नेमकं हेच पेलत नाही. बाजाराला घेणारा माणूस हवा असतो, तो देणेकरी आहे हे त्याला बघायचं नसतं. सहानुभूतीला देणेकरी हवा असतो, तो काही घेतो हे तिला खपत नाही. म्हणून दारात दुचाकी असली की 'याला कसलं दुःख' असं म्हटलं जातं. कर्जमाफीच्या रांगेतल्या माणसाच्या हातात स्मार्टफोन दिसला की त्याचा फोटो फिरतो. त्या फोनवर तो सातबारा काढतो, पावसाचा अंदाज बघतो, पीक विम्याचा अर्ज भरतो, आणि रात्री रील्सही बघतो. यातलं कुठलं काम केल्याने त्याचं कर्ज खोटं ठरतं?

बाजाराने आता आपली यादी बदलायला घेतली आहे. अकरा वस्तू मोजायच्या जुन्या पद्धतीच्या जागी नवी वर्गवारी आली आहे. तिच्यात वस्तू नाहीत. कमावत्या माणसाचा व्यवसाय, घरातल्या सर्वांत शिकलेल्या पुरुषाचं शिक्षण आणि सर्वांत शिकलेल्या बाईचं शिक्षण, असे तीन प्रश्न आहेत. शेतजमीन मालमत्तेच्या यादीतून गेली आणि घरातली शिकलेली मुलगी तक्त्यात आली. बाजाराने हे स्वतःच्या सोयीसाठी केलं. पण सुनेने आणलेल्या फ्रिजऐवजी तिचं शिक्षण मोजलं जाणं हा माझ्या मते बरा बदल आहे.

तुम्ही हा लेख फोनवर वाचत असाल तर तुमचीही पाहणी चालू आहे. कुठे थांबलात, काय दाबलं, फोन कोणत्या किमतीचा, सगळं कुठेतरी एका खणात जातं आहे आणि त्यावरून तुमच्या 'सवयी' ठरत आहेत. त्या खणात तुमच्या वडिलांची कृषी केंद्रातली बाकी नाही. उद्या 'ग्रामीण तरुण कशावर खर्च करतो' अशी बातमी वाचाल तेव्हा आकड्याआधी रकान्याचं नाव वाचा, आणि जूनची खरेदी त्यात धरली आहे का ते बघा. धरली नसेल तर ती बातमी तुमच्या घराबद्दल अर्धंच सांगते आहे. उरलेलं अर्धं वडिलांना विचारलं तर ते तोंडपाठ सांगतील, तारखेसकट.